सोळाव्या वर्षी वेगळं, साठाव्या वर्षी वेगळं: बेळगाव भागात व्हेंडिंग मशीनचा धंदा कसा सुरू करायचा

सध्या आपल्याकडची कॉलेजची पोरं आणि नुकतेच रिटायर झालेले काका लोक, दोघं पण एकच विचारायलेत, व्हेंडिंग मशीन, म्हणजे पैसे दिले की आपोआप माल देणारं मशीन, टाकलं तर चालंल काय ओ? मशीन कितीला मिळतं, कुठली कंपनी चांगली, महिन्याला किती सुटतील. प्रश्न सगळे बरोबर आहेत पण क्रम उलटा आहे. आधी जागा बघायची, मग तिथं काय माल खपेल ते, मग हिशोब, आणि मशीन सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं करायच्या आधी स्वतःचं वय बघायचं, कारण सतरा वर्षांच्या पोराकडं वेळ आहे पण सही चालत नाही, पंचविशीतल्याकडं पाय आहेत पण पैसा नाही, आणि साठीच्या काकांकडं पैसा आणि ओळख दोन्ही आहे पण पाण्याची पेटी उचलली की कंबर धरते. एकच मशीन सगळ्यांना सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी पैशाचं बोलूया, कारण इथंच बहुतेकांचा गैरसमज आहे.

परदेशातले जे व्हिडिओ फिरतात त्यात दुकानात स्वस्तात मिळणारा माल मशीनमध्ये दुप्पट भावानं विकतात आणि सगळा नफा तिथंच असतो. आपल्याकडं ते चालत नाही. पॅकबंद मालावर एमआरपी छापलेली असते आणि लीगल मेट्रॉलॉजीचे, म्हणजे वजनमापाचे, जे २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीजचे नियम आहेत त्यानुसार त्याच्यावर एक रुपया पण जास्त घेता येत नाही, मशीनचा खर्च पडतो, थंड करायला लाईट लागते, यातलं काहीच कारण चालत नाही. म्हणजे तुमच्या हातात राहतं ते फक्त होलसेल आणि एमआरपीमधलं अंतर. बिस्किटात आठ दहा टक्के, चिप्सला दहा ते पंधरा, कोल्ड्रिंकला साधारण तेवढंच, लोकल पाण्याच्या बाटलीला त्याच्यापेक्षा बरंच चांगलं. सगळं मिसळून १२ टक्के धरा.

आता २ लाखाचं स्नॅक्स आणि कोल्ड्रिंकचं मोठं मशीन घेतलं आणि दिवसाला १,५०० ची विक्री झाली असं समजा. १२ टक्क्यानं १८० रुपये सुटले, महिन्याचे २६ दिवस धरले तर ४,६८०. त्यातून लाईट. थंड करणारं मशीन दिवसाला पाच ते आठ युनिट खातं, सहा युनिट आणि आठ रुपये दर धरला तरी महिन्याला १,४०० च्या वर जातात. जागेवाल्याला हजार, पेट्रोल पाचशे. राहिले १,७०० च्या आसपास. म्हणजे २ लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षांच्या वर, आणि मशीन तोवर टिकत नाही. तेच मशीन दिवसाला ४,००० विकत असेल तर महिन्याला १२,४८० सुटतात, खर्च थोडा वाढला तरी आठ नऊ हजार हातात, आणि दोन वर्षांच्या आसपास मशीन फिटतं. मशीन तेच आहे, फरक फक्त जागेचा. हा हिशोब ज्याला डोक्यात बसला त्यानं अर्धा धंदा शिकला.

दुसरी बाजू अशी की ज्या वस्तूवर एमआरपी नसते तिथं भाव तुमचा. चहा, कॉफी, सूप. एका कपाला १३ ग्रॅम प्रिमिक्स, म्हणजे नुसतं गरम पाणी घालायची तयार पावडर, किलोचा भाव ३०० धरला तर चार रुपयाचं प्रिमिक्स, सत्तर पैशाचा कागदी कप, पाणी आणि लाईटचे पन्नास पैसे, म्हणजे पाच सव्वापाच रुपयात कप तयार. १० ला विकला तर पावणेपाच सुटतात. दिवसाला ६० कप गेले तरी महिन्याला सात हजाराच्या वर येतात आणि मशीन असतं १५ हजाराच्या आसपास. जागेवाल्याला हजार आणि पेट्रोल काढून सुद्धा तीन महिन्यात मोकळं.

पण एक लक्षात ठेवा, बेळगावच्या माणसाला चहा कळतो. गेटच्या बाहेर आल्याचा, दुधाचा, उकळलेला चहा दहा रुपयाला मिळत असताना तो आत जाऊन पावडरीचा चहा पिणार नाही आणि त्यानं प्यावा पण का. मशीनचा चहा चालतो जिथं टपरी नाही, किंवा ज्या वेळेला टपरी बंद असते. म्हणून जागा म्हणजे नुसता पत्ता समजू नका, घड्याळ पण बघा.

जागा कशी बघायची

उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीच्या किंवा मशीन शॉपच्या गेटसमोर रात्री पावणेअकराला जाऊन उभं राहा. सेकंड शिफ्ट सुटायली असते, थर्ड शिफ्ट आत चाललेली असते. बघायचं काय, तर आत जाणाऱ्याच्या हातात काय आहे. डबा आहे की नुसती बाटली आहे, की काहीच नाही. गेटसमोरची टपरी कितीला शटर ओढते. मग परत दोन अडीचच्या सुमाराला एक चक्कर मारा, तेव्हा सुपरवायझर आणि दोन चार कामगार बाहेर येऊन गाडी काढून लांब कुठंतरी चहाला निघालेले दिसतात. तिथं चहाचं मशीन टाकायची जागा आहे, आणि कंपनीला पण ते हवंच आहे कारण चहाला गेलेला माणूस अर्ध्या तासाशिवाय परत येत नाही. हीच गोष्ट मालकाला सांगायची, आपला नफा सांगायचा नाही.

बोलायचं साधं. "साहेब, मशीन आमचं, माल आमचा, साफसफाई आमची. तुमची फक्त कोपऱ्यातली चार बाय तीनची जागा आणि एक पंधरा अँपियरचा प्लग." ते पहिलं विचारणार, "लाईटबिल कोण भरणार?" तेव्हा आढेवेढे न घेता, "सब-मीटर बसवतो साहेब, जेवढं युनिट पडेल तेवढं एक तारखेला जमा." सब-मीटर, म्हणजे फक्त आपल्या मशीनचे युनिट मोजणारा वेगळा मीटर, पाचशे सातशे रुपयात मिळतो आणि त्या एका गोष्टीनं तुमच्यावर जो विश्वास बसतो तो कुठल्या ब्रोशरनं बसत नाही. भाडं ठरवताना पहिले तीन महिने विक्रीवर टक्केवारी मागा, फिक्स भाड्याला नंतर या.

उद्यमबाग, मच्छे, होनगा हे झाले कारखान्याचे पट्टे. दुसऱ्या चांगल्या जागा म्हणजे तीस चाळीस बेडची हॉस्पिटलं जिथं कँटीन नाही, रात्री पेशंटजवळ बसलेल्या माणसाला बिस्किट आणि पाणी सुद्धा मिळत नाही आणि त्याला पेशंटला सोडून बाहेर पण जाता येत नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या मागं लागू नका, तिथं टेंडर असतं. कॉलेजची होस्टेल चालतात पण सुट्टीचे महिने हिशोबातून वजा करा. अभ्यासिका फार चांगल्या, स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून असतात आणि कॉफी पितातच. जिम, गाड्यांचे सर्व्हिस सेंटर, वकिलांच्या ऑफिसांची बिल्डिंग, हे पण बघा. साखर कारखान्याची जागा मिळाली तर हंगाम सुरू व्हायच्या आधी मशीन लावा आणि हंगाम संपला की काढून दुसरीकडं न्या असाच करार करा, नाहीतर अर्धं वर्ष मशीन गोदामातल्या पोत्यासारखं पडून राहतं.

शाळेत मात्र चिप्स आणि कोल्ड्रिंकचं मशीन नको. एफएसएसएआय, म्हणजे खाण्याच्या मालावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिचे २०२० चे नियम आहेत, जास्त साखर मीठ चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आणि निपाणी भाग तंबाखूचा म्हणून कुणी सिगारेटचं मशीन सुचवलं तर सरळ नाही म्हणा, तंबाखूजन्य काहीही मशीनमधून विकायला बंदी आहे.

चौदा ते सतरा

या वयात केलेला करार कायद्यानं टिकत नाही, १८७२ चा काँट्रॅक्ट ॲक्ट तेच सांगतो, म्हणून रजिस्ट्रेशन, जागेचा करार, मर्चंट क्यूआर म्हणजे मशीनवर पैसे घ्यायचा कोड, सगळं आईच्या नाहीतर वडिलांच्या नावानं. बँकेत खातं मात्र स्वतःचं ठेवता येतं, रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवायची मुभा बँकांना दिली आहे, मर्यादा बँक ठरवते.

मशीन कुठलं, तर लाईट न लागणारं, नाणं टाकून मुठ फिरवायचं, खाऊच्या गोळ्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीतली छोटी खेळणी पडणारं. आठ दहा हजाराच्या घरात येतं. आपल्या ओळखीच्या खानावळीत, सलूनमध्ये, आइस्क्रीम पार्लरच्या काउंटरजवळ. खेळणी ठेवणार असाल तर आयएसआय मार्कची घ्या, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे, बाजारात सुट्ट्यात मिळणारी स्वस्त चायना खेळणी घालू नका, लहान पोरं तोंडात घालतात ओ ते.

पोरानं काय शिकायचं तर वही. कुठल्या आठवड्यात किती नाणी निघाली, माल किती गेला, दोन्ही जुळतं का. आई-बाबांनी एक करावं, तोटा झाला तर तो भरून देऊ नये आणि नफा झाला तर तो घरखर्चात घेऊ नये. दहावी बारावीच्या वर्षाला मशीन कुलूप लावून बाजूला ठेवलं तरी काही बिघडत नाही, त्याला ना लाईटबिल ना भाडं.

अठरा ते पंचवीस

माझ्या मते या धंद्याला सगळ्यात योग्य वय हेच, आणि सगळ्यात जास्त फसवणूक पण याच वयाची होते.

योग्य अशासाठी की रात्री अकराला मशीन अडकलं म्हणून फोन आला तर हे पोरगं गाडीला किक मारून जातं. आणि पैसे कमी असल्यामुळं छोट्यापासून सुरू करतं, जे बरोबरच आहे. एक चहा-कॉफीचं मशीन, एक जागा. बऱ्याच प्रिमिक्सवाल्या कंपन्या डिपॉझिटवर मशीन देतात, अट एवढीच की पावडर त्यांच्याकडूनच घ्यायची. हे वाईट नाही, फक्त सही करायच्या आधी महिन्याला कमीत कमी किती किलो उचलायचं ते वाचा, आणि मशीन बिघडलं तर किती दिवसात माणूस येणार हे लेखी घ्या. स्वतःचं घ्यायचं असेल आणि घरात पैसा नसेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं. गल्लीतल्या सोसायटीचं कर्ज लवकर मिळतं हे खरं, पण व्याजाचा दर विचारूनच घ्या, पाच रुपये सुटणाऱ्या कपावर ते झेपतं का ते आधी मोजा.

फसवणूक कशी होते ते सांगतो. फोन येतो, आमचं मशीन घ्या, जागा आम्ही देणार, महिन्याला पक्के पंधरा हजार, दोन वर्षांनी मशीन परत घेणार. मशीनची किंमत बाजारभावाच्या दुप्पट लावलेली असते आणि जागा म्हणून जे दाखवतात तिथं कुत्रं पण फिरकत नाही. ज्याच्याकडं खरंच पक्के पंधरा हजार देणारी जागा आहे तो स्वतः तिथं मशीन लावेल की, तुम्हाला कशाला देईल. पैसे भरायच्या आधी एकच करा, त्या कंपनीनं बेळगाव, हुबळी, कोल्हापूर या भागात आधी दिलेल्या मशीनच्या जागा मागा आणि स्वतः जाऊन तिथल्या माणसाशी बोला. जागा सांगायला टाळाटाळ केली की विषय संपला.

टिळकवाडी भागात पीजी आणि क्लासेस भरपूर आहेत, तिथं कॉलेजच्या पोराला स्वतःच्याच मित्रांकडून कळतं की रात्री काय खावंसं वाटतं. हे ज्ञान चाळिशीच्या माणसाकडं नसतं. कप नूडल्स, कोल्ड कॉफी, छोटे केक, खारे शेंगदाणे, काय जातं काय पडून राहतं ते पंधरा दिवसात समजतं. न जाणारा माल लगेच काढायचा, जीव अडकवायचा नाही.

नोकरीवाले

तीस पस्तिशीचे, महिन्याचा पगार चालू असलेले. तुमच्याकडं पैसा थोडा आहे, वेळ नाही. म्हणून सिम कार्ड असलेलं मशीन घ्या जे मोबाईलवर दाखवतं किती माल शिल्लक आहे, आणि जागा ऑफिसला जायच्या यायच्या रस्त्यावरच निवडा. स्वतःच्या कंपनीत मशीन लावायच्या भानगडीत पडू नका, नोकरीच्या नियमात ते बसत नाही आणि उद्या वाद झाला तर नोकरीवर येतं.

माजी सैनिक

आपल्या भागात हा मोठा वर्ग आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरीकडच्या गावागावात माणसं आर्मीत. अडतीस चाळीसला पेन्शन घेऊन घरी येतात, हातात एकरकमी पैसा असतो आणि सहा महिने प्रत्येक नातेवाईक काहीतरी धंदा सुचवत असतो. भाऊ, त्या रकमेचा चौथा हिस्सा, त्याच्यावर नको. आणि एकदम पाच मशीन नको.

तुमची खरी ताकद दुसरीच आहे. शहरातल्या निम्म्या कंपन्यांच्या, हॉस्पिटलांच्या गेटवर सिक्युरिटीला तुमच्याच युनिटची, तुमच्याच गावाकडची माणसं असतात. कुठल्या कंपनीत किती कामगार, कँटीन आहे का, रात्रपाळी चालते का, हे सगळं त्यांना माहीत. तिसऱ्याला हे कळायला दोन महिने फिरावं लागतं, तुम्हाला एका चहात कळतं. शिवाय वेळेवर माल भरणं, मशीन पुसून चकचकीत ठेवणं, पैशाचा हिशोब चोख, या सवयी अंगातच असतात आणि हा धंदा त्याच्यावरच उभा आहे. पेन्शन चालू असल्यामुळं पहिलं वर्ष मशीनमधून घरखर्चाला काही काढावं लागत नाही, जेवढं येईल तेवढं दुसऱ्या मशीनला लावता येतं. इतर कुणाला एवढी मोकळीक नसते.

बचत गटातल्या वहिनी, ताई

इथं मला सॅनिटरी नॅपकिनचं मशीन सगळ्यात योग्य वाटतं. भिंतीला लावायचं, पाच दहाचं नाणं टाकून पॅड येणारं, दहा पंधरा हजारात मिळतं. नॅपकिनवर २०१८ च्या जुलैपासून जीएसटी नाही. एका मशीनवर नफा थोडा, पण कॉलेज, होस्टेल, गारमेंटचं युनिट, मंगल कार्यालय अशा ठिकाणी मशीन संस्थेनं घ्यायचं आणि पॅड भरायचं, साफ ठेवायचं, नाणी काढायचं काम गटाला महिन्याच्या ठरावीक रकमेवर द्यायचं, असा करार केला तर पैसा अडकत नाही. कितीतरी कॉलेजात भिंतीवर मशीन आहे पण आत पॅड नाहीत, कारण भरणारं कुणी नाही. मुलींची किती अडचण होते त्यानं. आणि बायकांच्या टॉयलेटमध्ये पुरुष माणूस माल भरायला जाऊ शकत नाही, म्हणजे हे काम बायकांचंच आहे. स्त्री शक्ती संघ असेल तर संघाच्या नावानंच पत्र द्या, प्रिन्सिपल लगेच भेटतात.

साठीच्या पुढं

काका, काकू, पहिलं सांगायचं ते मनापासून सांगतो. सिनियर सिटिझन स्कीममधली रक्कम यासाठी मोडू नका. गेली काही वर्षं तिथं ८.२ टक्के मिळतात, काहीही न करता. २ लाखावर वर्षाला १६,४०० झाले. मशीननं त्याच्या कमीत कमी तिप्पट दिलं तरच तुमच्या धावपळीला अर्थ आहे. पोरं पुण्याला, बेंगळूरला, घरात वेळ जात नाही म्हणून काहीतरी करायचं आहे हे मला समजतं, पण त्यासाठी ५० हजाराच्या आतलं मशीन पुरे.

तुमच्याकडं दोन गोष्टी असतात ज्या बाकी कुणाकडं नाहीत. एक, स्वतःची जागा. शहापूर, वडगाव, अनगोळकडं रस्त्याला लागून घर आहे, खाली गाळा आहे, क्लासवाल्याला भाड्यानं दिला आहे, तर जिन्याखालची जागा तुमचीच. भाडं नाही, कुणी उठवणार नाही. दोन, चाळीस वर्षांची ओळख. बँकेत, शाळेत, कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला डॉक्टर, ट्रस्टी, मंगल कार्यालयाचे मालक नावानं ओळखतात. जो होकार मिळवायला पोराला सहा खेपा घालाव्या लागतात तो तुम्हाला एका फोनवर मिळतो.

आणि एक गोष्ट नसते, अंगातली ताकद. लिटरच्या बारा बाटल्यांची एक पेटी बारा किलोची होते, मोठ्या मशीनला अशा चार पेट्या लागतात, आणि खालच्या रांगेत भरायला वाकावं लागतं. गुडघे, कंबर, सगळं निघतं त्यात. म्हणून भाच्याला, शेजारच्या पोराला, कुणाला तरी भागीत घ्या. जागा आणि मशीन तुमचं, उचल आणि भरणं त्याचं, सुटलेल्या पैशाचे निम्मे निम्मे. घरातलंच पोरगं आहे म्हणून तोंडी ठेवू नका, एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा, नाती त्यानंच टिकतात. क्यूआरचं खातं काकूंच्या सोबत जॉइंट असू द्या. आणि रोजच्या रोख नाण्यांसाठी बँकेत रांग लावू नका, पिग्मीवाला घरी येतोच, त्याच्याकडं जमा करा, महिन्याचा हिशोब आपोआप त्या पुस्तकात दिसतो.

कागदपत्रं

खाण्यापिण्याचं काहीही विकणार असाल तर एफएसएसएआय लागतं. छोट्या धंद्याला मोठं लायसन्स नको, बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं, त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः करता येतं, फी अगदी किरकोळ, एजंटला दोन तीन हजार देऊ नका. नंबर मशीनवर दिसेल असा चिकटवा. महापालिकेचं किंवा पंचायतीचं ट्रेड लायसन्स. जागेवाल्याशी स्टँप पेपरवर करार, त्यात चार गोष्टी नक्की: मशीन तुमच्या मालकीचं आहे, लाईट कुणाची, काढायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, आणि तुमच्या मशीनच्या शेजारी दुसरं मशीन लावणार नाहीत.

जीएसटीसाठी नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात उलाढालीची मर्यादा ४० लाख, सेवेला २० लाख, एक दोन मशीनला नोंदणी लागत नाही. तरी मशीनच्या क्यूआरचं खातं वेगळंच ठेवा. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात कितीतरी छोट्या दुकानदारांना युपीआयच्या आकड्यावरून नोटिसा आल्या. घरचे, उसने, भिशीचे पैसे सगळे एकाच खात्यात असतील तर सगळीच विक्री दिसते आणि मग समजावत बसावं लागतं.

पाटी आणि स्टिकर. राज्यात नावाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असायला पाहिजे हा नियम आहे, तो पाळा. आणि मशीन कसं वापरायचं ते कन्नड, मराठी दोन्हीत लिहा, चित्रं काढा. तुमचं गिऱ्हाईक बैलहोंगलहून आलेलं असतं, खानापूरहून आलेलं असतं, फाउंड्रीत बिहारची पोरं असतात. सगळ्यांना पाण्याची बाटली घेता आली पाहिजे.

सीमाभागातल्या लोकांना एक मोह होतो, चंदगड, गडहिंग्लज, कागल जवळच आहे, तिकडं पण एक टाकूया. टाका, पण राज्य बदललं की रजिस्ट्रेशन वेगळं, जीएसटीचा विचार वेगळा, लाईटचं ऑफिस वेगळं. सुरुवातीला एकाच राज्यात राहा.

मशीन घेताना आणि चालवताना

मेकॅनिक पुण्यात किंवा बेंगळूरमध्ये बसतो आणि आपण मधे. पुणे साडेतीनशे किलोमीटर, बेंगळूर पाचशे. मशीन सोमवारी बंद पडलं तर माणूस गुरुवारी येतो, तोवर विक्री शून्य. म्हणून मशीन घेताना त्याच वेळी दोन जादा मोटर मागून घ्या आणि डेमो देणाऱ्याकडून मोटर बदलायला शिकून घ्या, दोन स्क्रू आणि एक सॉकेट असतं. पत्र्याचं, कुलपाचं, काचेच्या फ्रेमचं काम उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये होतं, त्यासाठी कंपनीला फोन करायची गरज नाही.

स्प्रिंगचं मशीन कसं चालतं ते बघून घ्या. पैसे आले की मोटर स्प्रिंगला पूर्ण एक फेरा देते आणि पुढचं पाकीट खाली पडतं. आता स्प्रिंगच्या दोन कड्यांमधलं अंतर पाकिटापेक्षा फार जास्त असेल तर पाकीट आडवं होऊन अडकतं, कमी असेल तर दाबलं जाऊन चुरा होतो. म्हणून माल घेऊनच डेमोला जा. जे विकणार तेच पाकीट, तीच बाटली, प्रत्येक रांगेत भरून सलग पाच सहा वेळा पाडून बघा. चिप्सचं फुगलेलं पाकीट भरताना तळ थोडा पुढं झुकता ठेवायचा, खालची घडी स्प्रिंगवर टेकली पाहिजे. नवा माल नेहमी मागं, जुना पुढं ओढायचा. माल पडला का नाही हे ओळखणारा सेन्सर असलेलंच मशीन घ्या, माल पडला नाही तर पैसे आपोआप परत जातात. आणि तरी कुणाचे अडकले तर मशीनवर तुमचा नंबर मोठा लिहिलेला असू द्या, फोन आला की वाद न घालता वीस रुपये लगेच फोनपे करा. तो माणूस उद्या पण येणार आहे.

स्टॅबिलायझर लावा, व्होल्टेज वरखाली झालं की कॉम्प्रेसर जातो आणि तो खर्च मोठा असतो.

पावसाळा. आपल्याकडं जूनपासून हवेत जी ओल येते तिनं प्रिमिक्सचे गठ्ठे होतात. चहाच्या मशीनमध्ये डब्याच्या तोंडाशी गरम पाण्याची वाफ चढते, पावडर तिथं चिकटते, नळी बारीक होत जाते आणि कपात नुसतं तपकिरी पाणी यायला लागतं. लोक तक्रार करत नाहीत, नुसते यायचे बंद होतात. म्हणून पावसाळ्यात डबा पूर्ण भरायचा नाही, दोन दिवस पुरेल एवढंच, रोज संध्याकाळी मिक्सिंगची वाटी काढून गरम पाण्यानं धुवायची आणि कोरडी पुसूनच परत बसवायची. कोल्ड्रिंकच्या रांगा या चार महिन्यात निम्म्या करा, तिथं सूप आणि शेंगदाणे, फुटाणे जास्त भरा.

दुसरं मशीन कधी घ्यायचं, तर पहिल्याची वही पूर्ण सहा महिन्यांची झाल्यावर, त्यात एक पावसाळ्याचा आणि एक सुट्टीचा महिना आलेला असला पाहिजे. आणि जागा त्याच रस्त्यावर. पहिलं टिळकवाडीत असेल तर दुसरं उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे, सगळं खानापूर रोडला एका फेरीत होतं. तिथली चांगली जागा सोडून होनग्याला कुणी फुकट जागा देतो म्हणाला तरी जाऊ नका, शहर ओलांडून रोज तिकडं माल भरायला जाणं कुणाला जमत नाही आणि आठवड्यातून दोनदा रिकामं दिसलेल्या मशीनकडं माणूस परत वळून बघत नाही.